निपाणीचे ८४ आणि कागलचे ८८ टक्के

दहावीचा निकाल लागला की कर्नाटकातल्या निपाणीची आत्या महाराष्ट्रातल्या कागलच्या भाचीशी लेकाची तुलना करते: "तिला ८८, तुला ८४च?" टक्के सगळीकडे सारखेच, हा समज सीमाभागात जुनाच.

कर्नाटकात सहाही विषय धरतात. पहिली भाषा १२५, बाकी पाच शंभराचे, एकूण ६२५. महाराष्ट्रात सहापैकी चांगले पाच, ५०० पैकी.

लेकाला मराठीत ११०, पुढे ९२, ८८, ९०, ८५, गणितात ६०. बेरीज ५२५, म्हणजे ८४ टक्के. तेच गुण कागलच्या हिशेबाने? मराठीचे शंभरात ८८, गणित वगळलं, ४४३. म्हणजे ८८.६! पोरगं तेच, पेपर तेच. आणि भाचीचं गणित कसं आहे, ते तिच्या टक्क्यांत दिसतच नाही. गुणपत्रिका उघडावी लागते.