हाराजुकू : मुलांसोबतची भटकंती

हाराजुकू : टोकियोच्या शिबुया प्रभागातील, तरुणांच्या फॅशनसाठी प्रसिद्ध असलेली वस्ती. टपालाच्या पत्त्यात हे नाव आता सापडत नाही. 1965 मध्ये पत्त्यांची फेररचना झाली आणि हा भाग जिंगुमाए झाला. जुने नाव रेल्वे स्थानकाने आणि लोकांच्या तोंडाने टिकवले. मुलांना घेऊन जाणाऱ्यांच्या दृष्टीने येथील सोय अशी, की स्थानकाच्या एका अंगाला खच्चून भरलेली ताकेशिता गल्ली आहे, तर दुसऱ्या अंगाला मेइजी देवस्थानाचे सुमारे 70 हेक्टरांचे रान. यांपैकी आधी काय पाहायचे यावर मुलांचा दिवस ठरतो.

देवस्थान 1920 मध्ये उभे राहिले. ओमोतेसांदो हा झेलकोवाच्या झाडांचा रुंद रस्ता मुळात देवळाकडे जाण्यासाठीच काढलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शेजारच्या योयोगीत अमेरिकी लष्करी कुटुंबांची वसाहत वसली. त्याच काळात ओमोतेसांदोवर परदेशी गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून दुकाने निघाली. किडीलँड हे खेळण्यांचे बहुमजली दुकान त्या काळातले. वसाहतीच्या जागी 1964 च्या ऑलिंपिकचे क्रीडाग्राम आणि 1967 मध्ये योयोगी उद्यान झाले.

सकाळी नऊच्या सुमारास रान, अकरापूर्वी गल्ली, हा क्रम सोयीचा. देवस्थान सूर्योदयाला उघडते व प्रवेशाला पैसे पडत नाहीत. वाटेतील मोठे तोरी, म्हणजे लाकडी प्रवेशकमान, 12 मीटर उंच आहे. खांबाला कवेत घ्यायला किती जण लागतील, हा खेळ मुले आपणहून सुरू करतात. स्थानकाजवळच्या दरवाजापासून मुख्य देवळापर्यंत मोठ्यांना दहा मिनिटे लागतात, चार वर्षांच्या मुलाला वीस धरावीत. वाटेवर खडी आहे. बाबागाडीची लहान चाके तिच्यात रुततात, म्हणून कडेने चालावे. उलट क्रम लावला तर बाराच्या सुमारास गल्लीतून बाहेर पडलेले मूल रानात चालायला तयार नसते, कडेवर घ्या म्हणते.

ताकेशिता गल्ली सुमारे 350 मीटर लांब आहे आणि सकाळी 11 ते संध्याकाळी 6 वाहनांना बंद असते. स्थानकाकडून सुरुवातीला उतार आहे, त्यामुळे वरून नुसती डोकी दिसतात. मुलाच्या उंचीवर मात्र फक्त कंबरा आणि पिशव्या. शनिवार-रविवारी दुपारी येथे बाबागाडी नेणे म्हणजे स्वतःला आणि इतरांना छळणे, झोळी बरी. कामाच्या दिवशीही तीननंतर शाळा सुटल्याची गर्दी होते, आणि सहलीला आलेल्या शाळकरी मुलांचे गट तर सकाळपासूनच असतात. बसायला जागा जवळपास नाही. दम खायचा तर बाजूच्या बोळातून तोगो देवळात शिरावे. तेथे तळे आहे, तळ्यात कोई मासे आहेत, आणि गल्लीचा गोंगाट चमत्कारिकपणे बंद होतो.

पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांना पुरिकुरा, म्हणजे स्टिकर छापणारे छायाचित्रयंत्र, सर्वांत आवडते. पहिले यंत्र 1995 मध्ये आले. नोट मोडून शंभर येनची नाणी आधी घ्यावीत. पडद्यावर पार्श्वभूमी निवडली की उलटी मोजणी होते व एकामागून एक छायाचित्रे निघतात. चौकट मोठ्यांच्या उंचीला लावलेली असल्याने लहानग्याचे फक्त कपाळ येते. मोजणी सुरू होण्याआधीच उचलून घ्यावे. मग बाहेरच्या पडद्यावर पेनाने रंगवायचे असते. या टप्प्याला वेळेची मर्यादा असते आणि सूचना बहुधा जपानीत. वाचत बसण्यात वेळ जातो, म्हणून पेन थेट मुलाच्या हाती द्यावे. डोळे मोठे आणि गाल गुलाबी यंत्र आपणच करते. छापील चेहरा पाहून मूल ‘हा मी नाही’ म्हणाले तर नवल नाही.

गल्लीतली क्रेप, म्हणजे सारण घालून गुंडाळलेले पातळ गोड धिरडे, ही 1970 च्या दशकापासूनची ओळख आहे. तिच्या पिठात अंडे असते, फळांचे सारण निवडल्याने ते टळत नाही. अंडे न खाणाऱ्यांनी ‘तामागो’ हा शब्द लक्षात ठेवावा. मार्शमॅलो आणि चघळायच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांपासून काढलेला पदार्थ, असते. मुलाच्या डोक्यापेक्षा मोठी सप्तरंगी बुढ्ढी के बाल दोघांत एक पुरते, आणि दमट हवेत लवकर चिकट होते. ओला रुमाल हवाच. खाणे दुकानासमोर उभे राहून संपवायचे, चालत खाल्ले की कोणाच्या तरी कपड्यांना लागते. कचरापेट्या क्वचितच दिसतात, तेव्हा कचरा घरी नेण्यासाठी पिशवी ठेवावी.

गल्ली संपली की ओमोतेसांदोवरचे किडीलँड. आत शिरण्यापूर्वीच खर्चाची मर्यादा ठरवावी. मजल्यामजल्याला वेगळ्या कार्टून पात्राची खेळणी असल्याने ‘अजून एक मजला’ संपत नाही. तेथून शिबुयाकडे जाणारी कॅट स्ट्रीट झाकलेल्या शिबुया नदीवरून जाते. ती सपाट असून वाहने कमी, म्हणून बाबागाडी येथे उघडावी.

हरवलेल्या मुलासाठी ‘माइगो’ हा शब्द वापरतात. जवळच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत, तो एक शब्द पुरतो. पालकाचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या खिशात असावी. नववर्षाचे पहिले तीन दिवस देवस्थानात अफाट गर्दी लोटते. लहान मुलांसह तेव्हा जाऊ नये.

सहा वर्षांखालील दोन मुले एका मोठ्या माणसाबरोबर रेल्वेत फुकट, सहा ते अकराला अर्धे तिकीट. टोकियोच्या पूर्वेकडील निशी-कासाईतील मराठी कुटुंबांना मेट्रोच्या तोझाई मार्गाने ओतेमाची व तेथून चियोदा मार्गाने हाराजुकूजवळचे मेइजी-जिंगुमाए स्थानक, असा एकच गाडीबदल पडतो. कामाच्या दिवशी परतताना साडेचारच्या आत गाडीत बसावे. सहानंतर तोझाईत बाबागाडी मिटवूनही चढणे अवघड जाते.