कोंडो, कोजी

(१३ ऑगस्ट १९६१ – ). जपानी व्हिडिओ गेम संगीतकार. जन्म नागोया येथे. पाचव्या वर्षापासून इलेक्ट्रिक ऑर्गनचे शिक्षण. ओसाका कला विद्यापीठात शिकत असताना भरतीची सूचना वाचून त्यांनी निन्टेंडो या व्हिडिओ गेम कंपनीकडे अर्ज केला आणि १९८४ मध्ये ते कंपनीत रुजू झाले. पुढची सगळी कारकीर्द तिथेच गेली.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा खेळ त्यांच्या कामाचा पाया; मारिओ हा त्याचा नायक. फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती खेळयंत्राच्या ध्वनिचिपमध्ये दोन चौकोनी तरंग, एक त्रिकोणी तरंग, एक खरखर आणि ध्वनिमुद्रित नमुन्यांसाठी एक अशा पाच वाहिन्या होत्या. मारिओत पाचवी वापरलेलीच नाही. त्रिकोणी तरंगाचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. तो चालू किंवा बंद, एवढेच. म्हणून त्याच्याकडे खर्जाचे काम आले आणि खरखरीचे छोटे तुकडे पाडून ठेका बसवला गेला. मुख्य धून दुसऱ्या चौकोनी वाहिनीवर, तिची साथ पहिलीवर.

खरी अडचण अशी की खेळातले आवाजही याच वाहिन्यांतून निघतात. मारिओने उडी मारली की पहिली वाहिनी उडीच्या आवाजाला जाते आणि तेवढ्यापुरती साथ गळते; धून चालूच राहते. नाणे उचलले तर मात्र धूनच क्षणभर तुटते. तरीही ताल ढळत नाही, कारण वाहिनी अडकलेली असताना गाण्याची मोजणी आतल्या आत चालू असते आणि सूर परततात ते नेमक्या जागी. ध्वनीची सगळी आज्ञावली आणि सगळ्या धुना मिळून साडेतीन किलोबाइटही भरत नाहीत. पहिल्या टप्प्याची धून आधी संथ होती. पळणाऱ्या मारिओशी ती जुळेना, तेव्हा कोंडोंनी ती टाकून नवी केली. पाण्याखालच्या टप्प्याला तीन मात्रांचा वॉल्ट्झ आहे.

‘झेल्डा’ या खेळाच्या (१९८६) सुरुवातीला फ्रेंच संगीतकार राव्हेलचे ‘बोलेरो’ वाजवायचे ठरले होते. त्याचा स्वामित्वहक्क संपलेला नाही हे ऐनवेळी कळले आणि कोंडोंनी खेळातल्याच धुनेवरून एका रात्रीत नवे शीर्षकसंगीत बांधले. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये (१९९०) मारिओ योशी या डायनोसॉरच्या पाठीवर बसला की चालू धुनेत बोंगो मिसळतात, उतरला की थांबतात.

झेल्डा मालिकेतल्याच ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये (१९९८) खेळाडू स्वतः ऑकारिना हे फुंकवाद्य वाजवतो. पाच बटणे, पाच सूर. सर्वांत खालच्या सुराला षड्ज मानले तर सा, कोमल ग, प, शुद्ध ध आणि तार सा. रे, म, नी नाहीत, आणि एवढ्यावर डझनभर ओळखू येतील अशा सुरावटी बांधायच्या! झेल्डाच्या अंगाईची खूण म्हणजे फक्त ‘ध सां प’, दोनदा. याच खेळातल्या मोकळ्या माळावर खेळाडू तासन्‌तास भटकतो. तिथे एकच धून फिरत राहिली तर कंटाळा येणार. म्हणून तिचे आठ-आठ मापांचे (तालाच्या आवर्तनांचे) तुकडे केले आणि त्यांचा क्रम यंत्रावर सोडला. शत्रू जवळ आला की ताणाचे तुकडे, खेळाडू उभा राहिला की शांत. कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्यानंतर खपला पाहिजे, त्यामुळे प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट सांभाळावा लागतो. ऐकणाऱ्याला जाणवत नाही, पण कोंडोंचे सर्वांत कसबी काम हेच म्हणावे लागेल.

‘सुपर मारिओ गॅलेक्सी’त (२००७) वाद्यवृंद आला, त्यातले बरेचसे संगीत संगीतकार माहितो योकोता यांचे आहे.

मारिओची धून २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेली; व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला. भारतात नव्वदच्या दशकात ही धून घरोघर पोचली ती फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांतून. यातल्या पुष्कळ चिपांत चौकोनी तरंगाची २५ आणि ५० टक्क्यांची रुंदी (प्रत्येक फेरीत तरंग किती वेळ वर राहतो ते प्रमाण) उलटी जोडलेली असे. सूर तेच राहत, पण आवाजाचा पोत मुळापेक्षा वेगळा लागे.