छत नसलेली केबिन: फोर्ड मॉडेल ए पिकअपच्या पत्र्यामागचा इतिहास

उघड्या केबिनचा जुना पिकअप दुरुस्तीला आला की बहुतेकांचं लक्ष आधी मडगार्डांवरच्या पोचांकडे आणि हौद्याच्या गंजाकडे जातं. खरं दुखणं खाली, केबिनच्या उंबरपट्टीत असतं. दाराखालून पुढून मागे जाणारी ही पत्र्याची पोकळ पट्टी एवढी का कुजते आणि ती कापताच सगळी केबिन का वाकडी होते, हे समजायला ही गाडी कशी घडत गेली ते पाहावं लागतं. फोर्ड मॉडेल ए ओपन कॅब पिकअप, म्हणजे १९२८ ते १९३१ या काळातली गाडी, हे त्याचं उत्तम उदाहरण आहे.

१९२५ पूर्वी फोर्डकडून तयार पिकअप मिळत नसे. गिऱ्हाईक मोटार किंवा नुसती चासी घ्यायचं आणि गावातल्या सुताराकडून वा लोहाराकडून मागे पेटी बसवून घ्यायचं. १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने मॉडेल टी रनअबाउटवर कारखान्यातच हौदा बसवून ती गाडी २८१ डॉलरला विकायला काढली. हौदा ५६ इंच लांब, साधारण ४० इंच रुंद आणि १३ इंच खोल होता. मागे उघडणारा फाळका, बाजूंना उभे दांडे खोचायला चार खाचा आणि मागच्या धुरीवर जास्त ताकदीचे पाटे, एवढाच फरक होता. पुढची दोन माणसांची उघडी मोटार जशीच्या तशी राहिली. पिकअपची केबिन उघडी होती ती एवढ्याचसाठी. कोणी मुद्दाम तशी आखली नव्हती, हाताशी असलेली सर्वांत स्वस्त बॉडी तीच होती.

ती स्वस्त का, याचं उत्तर पत्र्याच्या धंद्यात आहे. बॉडी बनवणारा अमेरिकन कारखानदार एडवर्ड बड याने डॉज बंधूंच्या मोटार कंपनीसाठी १९१४ च्या सुमारास संपूर्ण पोलादी बॉडी मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. ती उघड्या मोटारीची होती. बाजू, दारं आणि मागचा भाग साच्यात दाबून जोडता येत होते, अडचण छताची होती. एवढा रुंद अखंड पत्रा तेव्हा मिळत नसे. म्हणून बंद गाड्यांच्या छताच्या मधोमध लाकडी चौकटीवर ताणलेलं मेणकापड कित्येक वर्षं टिकून राहिलं. जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणलं ते १९३५ च्या मॉडेलांत. छत वगळलं की पोलादी बॉडी सोपी आणि स्वस्त होते. पण छत नसल्यावर वरून काहीच बांधलेलं नसतं. पुढचा काउल, म्हणजे इंजिन आणि काच यांच्यामधला भाग, आणि मागची भिंत यांना धरून ठेवतात त्या फक्त खालच्या दोन उंबरपट्ट्या.

मॉडेल ए लोकांसमोर आली २ डिसेंबर १९२७ रोजी. १०३.५ इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), २००.५ घनइंचाचं चार सिलिंडरचं इंजिन, ४० अश्वशक्ती. पिकअपची उघडी केबिन कारखान्याच्या नोंदीत ७६-ए म्हणून आहे. मागचा हौदा जवळपास मॉडेल टीचाच होता. १९२८ च्या ऑगस्टमध्ये बंद केबिन आली आणि उघड्या केबिनची मागणी हळूहळू तिकडे सरकली. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला उघड्या केबिनचे पिकअप अगदी थोडे बनत होते. पावसात भिजत दूध पोचवणाऱ्याला थोडे जास्त पैसे टाकून बंद केबिन मिळत असेल, तर तो उघडी कशाला घेईल?

इथे ओळख पटवण्याची एक मेख आहे. १९३० साली मोटारींचं रूप बदललं. रेडिएटर उंच झाला, चाकं २१ इंचांवरून १९ इंचांवर आली. पण पिकअपची नवी केबिन, ७६-बी, वर्षाच्या मध्यापर्यंत आलीच नाही. तोवर १९३० च्या चासीवर जुनीच केबिन बसत होती. त्यामुळे लहान चाकांच्या चासीवर १९२९ च्या धाटणीची केबिन दिसली की ‘दोन गाड्या जोडल्या आहेत’ असं म्हणून ती फेकायची घाई करू नये. ती कारखान्यातून तशीच निघालेली असू शकते. आधी चासीवरचा क्रमांक वाचावा.

हे पिकअप थोडेच का उरले, त्याला तीन कारणं आहेत. ते कामाची वाहनं होते, मरेपर्यंत राबले. दुसऱ्या महायुद्धात भंगाराचं पोलाद गोळा झालं, त्यात पुष्कळ गेले. आणि युद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी हलकी उघडी बॉडी हवी म्हणून उरलेल्यांना कापून शर्यतीच्या गाड्या केल्या. उलटंही झालं. मंदीच्या काळात शेतकऱ्यांनी साध्या रोडस्टर, म्हणजे दोन माणसांच्या उघड्या, मोटारींची मागची बाजू करवतीने कापून घरगुती पिकअप केले. फरक सीटमागच्या भिंतीत कळतो. खऱ्या पिकअपची भिंत एकसंध दाबलेली असते आणि तिच्या कडा साच्यात वळलेल्या असतात. घरगुती पिकअपवर तिथे सांधा, रिव्हेट किंवा करवतीची कड बोटाला लागते.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत मॉडेल एचे मोठे क्लब उभे राहिले. मूळ रंग, स्क्रू, शिलाई यांची बारीक मानकं त्यांनीच ठरवली आणि त्यांच्यामुळेच सुट्या पत्र्यांचा बाजार टिकला. आज ओहायोतली ब्रुकव्हिल कंपनी संपूर्ण नवी पोलादी बॉडीसुद्धा साच्यातून काढून विकते. सोय मोठी आहे. तरी मूळ पत्रा निम्मा जरी शाबूत असेल तर तो वाचवावा, असं आमचं ठाम मत आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या साच्याच्या रेषा आणि सांधे त्याच पत्र्यावर आहेत.

या गाडीचा मुंबईशी संबंध आहे. फोर्डने १९२६ मध्ये मुंबईत भारतीय कंपनी स्थापन केली. ती कॅनडातल्या फोर्डच्या अखत्यारीत होती, कारण ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या बाजारपेठा कॅनडाकडे होत्या. म्हणून इकडच्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या. अमेरिकेतून पत्रे मागवताना हे विसरलं की पंचाईत होते. फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरची, स्टिअरिंग कॉलमची आणि पेडलांची भोकं उलट्या बाजूला येतात. मागवण्याआधी जुन्या फायरवॉलवर जाड कागद ठेवून भोकांचा साचा उतरवून घ्यावा.

कायद्याची बाजूही कापाकापीआधीच बघावी. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेलं वाहन त्यात बसत नाही. शिवाय ही व्याख्या दुचाकी आणि प्रवासी वर्गातल्या चारचाकींपुरती आहे. म्हणून जुन्या नोंदणीपुस्तकात आपला पिकअप मोटार म्हणून चढला आहे की मालवाहू म्हणून, ते आरटीओत आधी विचारून घ्यावं.

आता उंबरपट्टी. मॉडेल एच्या पायाखाली पोलादाऐवजी लाकडी फळ्या असतात. वर टप आणि बाजूचे पडदे होते, पण पडदे पहिल्या काही वर्षांतच हरवायचे. पाणी आत आलं की फळ्या भिजायच्या आणि ओल धरून उंबरपट्टीला चिकटून राहायच्या. पट्टी आतून कुजायची, बाहेरून मात्र ठीक दिसायची. म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खालून टोचत जावं. ठण्ण आवाज आला तर पत्रा जिवंत, टोक आत गेलं तर पट्टी बदलायची.

पट्टी कमजोर झाली की केबिन दाराखाली मध्यभागी बसते आणि पुढचा-मागचा खांब वरच्या बाजूने एकमेकांकडे झुकतात. खूण अशी: दाराची फट वर घट्ट आणि खाली रुंद. या अवस्थेत पट्टी कापली तर वाकडेपणा कायमचा जोडला जातो. आधी चासी सरळ आहे का ते बघावं. दोन्ही कर्ण मापावेत, ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी चासीच सरळ करावी. मग बॉडी तिच्याच चासीवर बोल्ट करून, पट्टीखाली मधल्या आधारांशी चकत्या सरकवून दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी, ४ ते ५ मिलिमीटर करावी. त्यानंतर दाराच्या चौकटीत २० मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या तिरप्या ठोकवेल्ड कराव्यात आणि दोन्ही खांबांच्या वरच्या टोकांना जोडणारी एक आडवी नळी द्यावी. जे काम छताने केलं असतं ते ही आडवी नळी तात्पुरतं करते. एका वेळी एकच बाजू कापावी. नवी पट्टी १.५ मिलिमीटर पत्र्याची आणि बाहेरचे तुकडे ०.९ मिलिमीटरचे, म्हणजे २० गेजचे. वेल्डिंग सलग ओढू नये. टिपक्याटिपक्यांनी, एक इथे तर पुढचा वीतभर लांब, असं जावं. पत्रा एका जागी तापला की तो आक्रसतो आणि शेजारी पोकळ फुगवटा येतो, जो नंतर कितीही ठोकला तरी टणटणत राहतो.

पेट्रोलची टाकी ही मॉडेल एची आणखी एक खास गोष्ट. काचेच्या पुढे दिसणारा काउलचा वरचा पत्रा म्हणजे खुद्द टाकी. इंधन गुरुत्वाकर्षणाने खाली कार्ब्युरेटरला जातं. ही टाकी काउलच्या दोन बाजूंना ताण देऊन धरते, म्हणून ती काढण्याआधी काउलच्या आत आडवी नळी बांधावी. आणि ती जागेवर असताना आसपास वेल्डिंगचा विचारही करू नये. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली टाकीसुद्धा सांध्यांतल्या गाळामुळे वाफ सोडते. टाकी उतरवून, आतून गरम पाण्याने आणि साबणाने पुन्हा पुन्हा धुवावी. झाळकाम करायचं तर टाकीची कामं करणाऱ्या कसलेल्या माणसाकडेच द्यावं.

गंज काढताना वाळूचा मारा फक्त जाड भागांवर चालतो, चासीवर आणि हौद्याच्या कोपऱ्यांवर. दाराच्या सपाट पत्र्यावर वाळू मारली की पृष्ठभाग ताणला जातो आणि दार कायमचं लाटालाटांचं होतं. लहान भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने गंज सोडवणं उत्तम. गाडीचा भाग ऋण टोकाला आणि साधं लोखंड धन टोकाला जोडावं. धन टोकाला स्टेनलेस कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करावं आणि जवळ ठिणगी नको.

जुन्या पत्र्यावर गॅसच्या ज्योतीची टॉर्च फिरवली आणि सांध्यातून राखाडी धातू घरंगळला तर घाबरू नये. कारखान्यात दोन पत्र्यांचा सांधा शिशाने भरून कानशीने सारखा केला जाई. आजही भरायचं तर ३० टक्के कथील आणि ७० टक्के शिसे हे मिश्रण वापरतात. साधारण १८३ ते २५५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते लोण्यासारखं मऊ राहतं. आधी पत्र्याला कथलाची कल्हई करायची, मग चरबी लावलेल्या लाकडी फळीने शिसे पसरायचं. घासताना पॉलिश पेपर नको, बॉडी फाइलच. शिशाची धूळ फुप्फुसात जाते. काम संपल्यावर बेकिंग सोड्याच्या पाण्याने फ्लक्स (कल्हईसाठी लावलेलं रसायन) पूर्ण धुवावा, नाहीतर सहा महिन्यांत रंगाखाली फोड येतात.

रंगाचा इतिहास बघितला तर मूळ रूप कळतं. मॉडेल एची मडगार्डं आणि बाजूचे ॲप्रन काळ्या इनॅमलमध्ये बुडवून भट्टीत भाजलेले असत, तर केबिनवर पायरॉक्सिलिन लॅकर, म्हणजे आपला एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट, मारत. दोन्हींची चमक वेगळी दिसे आणि ती तशीच दिसायला हवी. सगळी गाडी एकाच टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, रंगाने चकचकीत केली की ती खेळण्यासारखी दिसते. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला ताज्या हवेचा मास्क लागतो, कापडी पट्टीने काही होत नाही. एनसी मारायचा तर कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात जून ते सप्टेंबर टाळावं. थिनर झपाट्याने उडताना पत्रा थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढरट पडतो. आणि रेडिएटरच्या कवचाला क्रोम लावू नये. मोटारींना चकाकतं कवच मिळे, पिकअपचं साधारणपणे काळं रंगवलेलं असे.