राजगामी मालमत्ता

मृत्युपत्र न करता आणि मागे एकही वारस न ठेवता मरण पावलेल्या व्यक्तीची मालमत्ता शासनाकडे जाते, तेव्हा ती राजगामी झाली असे म्हणतात. हा शब्द जुना आहे. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात जहाज फुटून बुडालेल्या निपुत्रिक व्यापारी धनमित्राचे धन राजगामी होत असल्याचे अमात्य लिहून कळवतो. दुष्यंत मात्र त्याची एखादी पत्नी गरोदर आहे काय याची आधी चौकशी करवतो आणि गर्भातील अपत्याला पित्याच्या धनाचा अधिकारी ठरवतो.

मनूच्या मते (९.१८९) ब्राह्मणाचे धन राजाने कधीही घेऊ नये, इतर वर्णांचे मात्र सर्व वारसांच्या अभावी घ्यावे. कौटिल्य स्त्रियांचा निर्वाह व प्रेतकार्य यांपुरते धन वगळतो, तसेच श्रोत्रियाच्या, म्हणजे वेदाध्ययन केलेल्या ब्राह्मणाच्या, धनालाही हात लावू देत नाही. मालक न सापडलेले धन मनू ३ वर्षे, तर याज्ञवल्क्य १ वर्ष राखून ठेवण्यास सांगतो. हा नियम हरवलेल्या धनाचा आहे, वारसहीन धनाचा नव्हे. पुढील लेखनात या दोहोंची अनेकदा गल्लत झालेली दिसते.

मच्छलीपट्टणच्या कलेक्टरच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, (१८६०) ब्राह्मणाचा अपवाद अमान्य केला. शासनाचा हक्क धर्मशास्त्रातून नव्हे, तर सार्वभौम सत्तेच्या सर्वसाधारण अधिकारातून येतो, असे त्यात ठरले. याउलट गोव्यात लागू झालेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत राष्ट्रीय खजिना वारसांच्या क्रमात शेवटी गणला आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २९ ची शब्दरचनाही वारसाहक्काकडे झुकणारी वाटते. तथापि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शासन हे इतर वारसांचे प्रतिस्पर्धी नव्हे असे म्हटले असून हेच मत अधिक ग्राह्य दिसते. मालमत्तेवरील कर्जे व बोजे दोन्ही मतांनुसार शासनाकडे येतात. राज्यातील अशी मालमत्ता संविधानाच्या अनुच्छेद २९६ नुसार त्या राज्याकडे, अन्यथा संघराज्याकडे जाते.

महाराष्ट्रात बेवारस शेतजमिनीचा ताबा जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३४ नुसार जिल्हाधिकारी घेतो व ती एकेका वर्षाच्या पट्ट्याने देतो. ३ वर्षांत कोणी हक्क सांगितल्यास चौकशी होते, न सांगितल्यास लिलाव करता येतो. शासनाने घाई करू नये, असा न्यायालयांचा कल आहे: वारस नाही हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावरच असतो आणि जिल्हाधिकाऱ्याला तो प्रश्न परस्पर निकाली काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले.

दावा न केलेला पैसा हा निराळा प्रकार होय, कारण त्याचा मालक हयात असू शकतो. कामगारांचे न उचललेले वेतन कल्याण निधीत वळवण्याची मुंबई राज्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने रद्द ठरवली होती. १० वर्षे पडून राहिलेल्या बँक ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. ठेवीदाराचा त्यांवरील हक्क मात्र कायम राहतो.