छोट्या जागेतला लो-बँड तारेचा अँटेना

हौशी रेडिओच्या 160, 80 आणि 40 मीटर बँडांना मिळून लो बँड म्हणतात. यांचा अँटेना बहुधा साध्या तारेचाच असतो, पण ती लांब लागते. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची (मधोमध जोडणी असलेल्या दोन बाहूंच्या तारेची) मीटरमधली लांबी काढायला 143 ला मेगाहर्ट्‌झने भागतात. 40 मीटर बँडच्या 7.1 ला ती सुमारे 20 मीटर येते, 80 मीटर बँडच्या 3.6 ला 40, तर 160 मीटर बँडच्या 1.82 ला जवळजवळ 79. खानापूर-निपाणीकडे शेतात घर असलेल्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, याचे काही वाटत नाही. बेळगावच्या उपनगरातल्या 30 बाय 40 फुटांच्या साइटचा मात्र कर्णसुद्धा 50 फूट, म्हणजे 15 मीटरच भरतो.

40 मीटर बँडचा प्रश्न इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्ही आकारात टांगलेला डायपोल, सोडवतो. गच्चीवरच्या जीआय पाइपचा शेंडा जमिनीपासून 10 मीटरवर न्यायचा आणि 10-10 मीटरचे दोन बाहू एकमेकांशी काटकोन करून खाली ओढायचे. दोन टोकांत 14 मीटर अंतर पडते, ते कर्णात बसते, आणि टोके जमिनीपासून 3 मीटरवर राहतात. त्याखाली ती आणू नयेत. प्रक्षेपण चालू असताना टोकांवर व्होल्टेज मोठे असते, हात लागला तर भाजतो. प्रवाह मध्यभागी जास्त असतो आणि लहरी फेकण्याचे बहुतेक काम तोच भाग करतो. म्हणून 80 मीटरसाठी मधला भाग उंच व सरळ ठेवून टोके कुंपणाच्या कडेने खुशाल वळवावीत. तेवढ्यानेही भागले नाही तर बाहूंत लोडिंग कॉइल (तारेचे वेटोळे) घालतात. तार आखूड होते, पण बँडविड्थ, म्हणजे अँटेना नीट चालतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, कमी होते. 160 ला इन्व्हर्टेड एल (आधी उभी वर जाऊन मग आडवी वळणारी तार) बरा, मात्र त्याला जमिनीवर रेडियल, म्हणजे पायथ्यापासून चहूकडे जाणाऱ्या तारा, पसरावेच लागतात. खानापूरकडच्या जांभ्या, खडकाळ जमिनीत नुसता एक रॉड ठोकून काम होत नाही.

उंची कमी म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. 80 मीटरवर 10 मीटर उंची म्हणजे तरंगलांबीचा आठवा हिस्सा. अशी तार बहुतेक ऊर्जा सरळ वर पाठवते, आणि ती आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून काही शे किलोमीटरच्या परिसरात उतरते. कोल्हापूर, हुबळी, पुणे यातच येतात. दिवसा 40, रात्री 80 असा साधारण क्रम. दूरदेशी संपर्काला ही मांडणी कमजोर, पण ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेच्या पुराने वेढलेल्या बेळगाव जिल्ह्याला गरज जवळच्या संपर्काचीच आहे.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली इनॅमल तांब्याची तार चालते. ती मऊ असल्याने ताणाखाली लांबते, त्यामुळे आठवडाभर ताणून ठेवावी, मगच एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ऊर्जा परत येते ते दाखवणारा) लावून छाटावी. पीव्हीसी आवरणाची तार थोडी आखूड लागते. इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात.

विजेच्या तारांवरून किंवा खालून अँटेना कधीही ओढू नये. पाइप आडवा पडला तरी त्यांना शिवणार नाही इतके अंतर हवे. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमू लागले की कोॲक्स (अँटेनापासून सेटपर्यंतची केबल) सेटपासून काढून घराबाहेर अर्थिंगला जोडावी.