आधी फौजदारी निकाल, मग भरपाई? तसं नाही

यवतमाळकडे पारावरचे जाणकार हमखास सांगतात, "पह्यले फौजदारीचा निकाल लागू दे, मंग भरपाईचा दावा टाक." या सल्ल्याने दावाच बुडतो.

कापूसचोरीच्या संशयावरून मजुराला गोदामात कोंडलं, चार लोकांत चोर म्हटलं, तर दिवाणी दावा लगेच करता येतो. १९६३ च्या मुदत कायद्यात दोन्हींना जेमतेम १ वर्ष आहे: कोंडल्याबद्दल सुटल्यापासून, बदनामीबद्दल साधारणपणे बोलल्या-छापल्यापासून. निर्दोष सुटल्यावर मुदत सुरू होते ती द्वेषाने खोटा खटला भरल्याच्या दाव्याची. घोळ बहुधा इथलाच.

आणि कुलूपच हवं असंही नाही. दारात दोघं काठ्या घेऊन उभे, दुसरी वाट नाही, एवढं पुरे. अडवणारा पोलीसच असावा लागतो, हीसुद्धा अफवाच.