ताफाबदल, प्रादेशिक विमानसेवेतील (इंदूर)

विमानकंपनीने आपल्या सेवेतील विमानांचा प्रकार बदलणे, म्हणजे जुना प्रकार काढून नवा आणणे किंवा जुन्याच्या जोडीला दुसरा घेणे, यास ताफाबदल म्हणतात. आहे त्याच प्रकारची विमाने संख्येने वाढली तर ती ताफावाढ होय, ताफाबदल नव्हे. प्रवाशाच्या लेखी हा भेद किरकोळ आहे. वैमानिकाच्या लेखी मात्र सारे त्यावरच अवलंबून असते, कारण त्याचा परवाना विमानाच्या प्रकाराशी बांधलेला असतो. प्रस्तुत नोंदीत हा विषय मुख्यतः इंदूरच्या अनुषंगाने घेतला आहे. लहान द्विपंखी (वरखाली दोन पंख असलेल्या) विमानापासून एम्ब्रेअर या ब्राझिली कंपनीच्या जेटपर्यंतचे प्रकार या एका विमानतळाने पाहिलेले आहेत.

प्रारंभ : इंदूरच्या विमानसेवेचा आरंभ कोणत्या वर्षी धरावा, याबद्दल दोन मते आढळतात. विमानतळासाठी बिजासन टेकडीजवळची जागा होळकर संस्थानाने १९३५ मध्ये टाटा कंपनीचे नेव्हिल विन्सेंट यांच्या सल्ल्याने निवडली, याविषयी वाद नाही. पुढे विमानतळाच्या इतिहासात इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईकडे जाणारी सेवा जुलै १९४८ मध्ये सुरू झाल्याचे सांगितले जाते. याउलट टाटा एअरलाइन्सच्या इतिहासात मुंबई–दिल्ली सेवा नोव्हेंबर १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर या थांब्यांसह सुरू झाल्याचा उल्लेख येतो. या दोन तारखा परस्परांना छेद देत नाहीत, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. दुसऱ्या महायुद्धात देशातील नागरी सेवा विस्कळीत झाल्या आणि विमाने युद्धकार्याकडे वळली. शिवाय होळकर संस्थान १९४८ च्या मध्यास मध्य भारत संघात विलीन झाले. त्यामुळे जुलै १९४८ हा नव्या राजवटीतील पुनरारंभ असावा. विमानतळ केंद्र सरकारकडे गेला तो त्यानंतर, १९५० मध्ये. प्रस्तुत लेखात १९३७ हे वर्ष ग्राह्य धरले आहे.

हा तपशील ताफाबदलाच्या दृष्टीने निरर्थक नाही. १९३७ च्या सेवेत बहुधा वॅको जातीची लहान, बंदिस्त द्विपंखी विमाने होती. युद्धोत्तर काळात मात्र स्वस्तात मिळालेल्या युद्धशिल्लक डकोटा म्हणजे डीसी-३ विमानांचे राज्य होते. १९४८ हेच आरंभवर्ष मानले तर इंदूरच्या मार्गावरचा पहिला ताफाबदल नोंदीतूनच गळतो. एका इंजिनाच्या विमानावरून दोन इंजिनांच्या विमानावर जाणे हे त्या पिढीच्या वैमानिकांसाठी मोठे स्थित्यंतर होते.

सरकारी कालखंड : आठ खाजगी कंपन्या एकत्र करून १ ऑगस्ट १९५३ रोजी इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आली. वारशाने तिला ७४ डकोटा, १२ व्हायकिंग आणि ३ डीसी-४ विमाने मिळाली. लहान विमाने धरून एकूण संख्या ९९ होती. पुढे व्हायकाउंट (१९५७), फोकर फ्रेंडशिप (१९६१), कानपूरला बांधलेले ॲव्हरो ७४८ आणि १९७० नंतर बोइंग ७३७ असा क्रम लागतो. मुंबई–इंदूर–भोपाळ–ग्वाल्हेर–दिल्ली हा टप्प्याटप्प्याचा मार्ग दीर्घकाळ चालू होता. इंदूरची ५,६०० फुटांची धावपट्टी १९६६ मध्ये तयार झाली. आज ती सुमारे २,७५० मी. (सुमारे ९,००० फूट) आहे. विमानाचा प्रकार बदलायचा तर आधी धावपट्टी बदलावी लागते, हे त्यातून दिसते.

या काळात ताफाबदलाचा मोठा फटका वैमानिकांपेक्षा त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांना बसला. डकोटातील रेडिओ अधिकारी गेला आणि पुढे एअरबस ए-३२० मध्ये इंजिने व यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरलाही जागा उरली नाही. ए-३२० ची कथा इंदूरच्या मार्गाची नव्हे, तरीही येथे टाळता येत नाही. हे विमान १९८९ मध्ये सेवेत आले आणि १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूर येथे त्यांपैकी एक कोसळून ९२ जण मृत्यू पावले. उतरताना इंजिने किमान शक्तीवर (आयडल) होती आणि वेग घटत असल्याचे वेळेत ध्यानी आले नाही, असे चौकशीतून पुढे आले. या प्रकारची सर्व विमाने नंतर काही महिने जमिनीवर ठेवण्यात आली. जुन्या विमानावरची हाताची सवय नव्या कॉकपिटमध्ये कशी आड येते, याचे उदाहरण म्हणून या अपघाताचा दाखला आजही दिला जातो. यंत्राला दोष द्यावा की माणसाला, हा वाद तेव्हा बराच रंगला. प्रशिक्षणाचा वेग हे तिसरे उत्तर अधिक पटण्याजोगे वाटते.

ऐंशी आसनांची मर्यादा : प्रादेशिक ताफ्याचे स्वरूप बाजारपेठेइतकेच करनियमांनीही घडवले आहे. देशांतर्गत नियमित सेवेतील ८० पेक्षा कमी आसनक्षमतेच्या विमानांना विमानतळावर उतरण्याचे शुल्क माफ आहे. इंधनाच्या बाबतीत केंद्रीय विक्रीकर कायद्यात आधी टर्बोप्रॉप म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखे फिरवणाऱ्या विमानांना आणि पुढे ४०,००० किग्रॅ. पेक्षा कमी कमाल उड्डाणभाराच्या नियमित सेवेतील विमानांना सवलत मिळाली. या विमानांना विकलेल्या इंधनावर राज्यांना ठरावीक अल्प दरापलीकडे कर लावता येत नाही. इंडिगोच्या एटीआर ७२-६०० मध्ये आणि स्पाइसजेटने २०११ पासून घेतलेल्या क्यू-४०० मध्ये (दोन्ही टर्बोप्रॉप) ७८ आसने असणे, तसेच स्टार एअरच्या एम्ब्रेअर १७५ मध्ये ७६ असणे, हा योगायोग मानता येत नाही. जेट असूनही एम्ब्रेअर १७५ दोन्ही मर्यादांच्या आत बसते. १९९६ मध्ये बोइंग ७३७-२०० घेऊन स्थापन झालेली अलायन्स एअर पुढे एटीआर ४२ व नंतर एटीआर ७२-६०० कडे वळली, त्यामागेही हेच गणित दिसते. प्रादेशिक विमानसेवा वाढवण्यासाठीच्या २०१६ च्या उडान योजनेने लहान विमानांची मागणी आणखी वाढवली. इंदूरच्या बोलीत या टर्बोप्रॉपला सरसकट ‘पंखेवालं विमान’ म्हणतात. एटीआर आणि क्यू-४०० यांत प्रवासी फारसा भेद करत नाहीत.

वैमानिकांवरील परिणाम : नव्या प्रकारासाठी वैमानिकाला वेगळे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारापुरती परवान्यावरील पात्रता, घ्यावे लागते. त्यात वर्गातील तांत्रिक अभ्यास व परीक्षा, सिम्युलेटरवरील सराव व चाचणी आणि शेवटी प्रशिक्षक-कमांडरबरोबर (कमांडर म्हणजे मुख्य वैमानिक) प्रवासी उड्डाणांवरील लाइन ट्रेनिंग असे टप्पे असतात. या काळात वैमानिक कंपनीच्या पटावर असतो, पण उड्डाणांच्या वेळापत्रकात नसतो. उड्डाणभत्ता प्रत्यक्ष तासांवर मिळत असल्याने त्याची मासिक कमाई घटते. ही बाब घरच्यांना परीक्षेपेक्षा आधी कळते.

प्रकारांतील अंतर सारखे नसते. एटीआर ४२ आणि ७२ एकाच रेटिंगखाली येतात. फरकांचे थोडे प्रशिक्षण पुरते. स्टार एअरने जानेवारी २०२० मध्ये इंदूर–बेळगाव सेवा ५० आसनी एम्ब्रेअर १४५ ने सुरू केली. दोन्ही गावांतल्या मराठी कुटुंबांना ती सोयीची ठरली. याच कंपनीने २०२३ पासून एम्ब्रेअर १७५ आणले. कारखाना तोच असला, तरी रेटिंग वेगळे आहे. १४५ ची इंजिने शेपटीजवळ, तर १७५ ची पंखांखाली असतात. १७५ मध्ये एलरॉन (विमान कलते करणाऱ्या पंखांवरील झडपा) वगळता मुख्य नियंत्रणे फ्लाय-बाय-वायर, म्हणजे विद्युतसंकेतांवर चालणाऱ्या, पद्धतीची आहेत. नावातले साधर्म्य येथे फसवे आहे.

टर्बोप्रॉपवरून जेटवर जाणे हा सर्वांत मोठा बदल मानला जातो. एटीआरची उंचीची कमाल मर्यादा २५,००० फूट आहे. माळव्यातले पावसाळी ढग त्याहून बरेच वर चढतात. त्यामुळे त्यांच्यावरून न जाता बाजूने वाट काढावी लागते. उड्डाणाच्या क्षणी एक इंजिन बंद पडले तर त्या बाजूच्या, वाऱ्याने फिरत राहिलेल्या पंख्याचा ओढा विमानाला एका अंगाला खेचतो. तो पायांच्या पेडलने सावरण्याची सवय टर्बोप्रॉपचा वैमानिक अंगी बाणवतो. जेटवर वेग व उंची वाढते, आखणी बरीच आधी करावी लागते आणि हाताचे काम कमी होते. टर्बोप्रॉपच्या अनुभवाला जुने वैमानिक जास्त मान देतात. कंपन्यांची भरती मात्र प्रकारावरचे तास मोजते.

मोठा प्रश्न सेवाज्येष्ठतेचा आहे. एटीआरवरचा कमांडर मोठ्या विमानावर गेला तर अनेकदा त्याला काही काळ सहवैमानिकाच्या उजव्या आसनावर बसावे लागते. काही जण त्यामुळे जुन्या प्रकारावरच राहणे पसंत करतात, आणि तो प्रकारच निघून गेला की अडचणीत येतात. किंगफिशर (२०१२) आणि जेट एअरवेज (एप्रिल २०१९) बंद पडल्यावर हे स्पष्ट झाले. जेट एअरवेजची बोइंग ७३७ विमाने स्पाइसजेटकडे गेली, त्यांच्याबरोबर त्या प्रकाराच्या वैमानिकांनाही वाट मिळाली. एअरबस चालवणाऱ्या कंपनीत जायचे तर नव्याने रेटिंग घेणे भाग होते. २०१७ च्या नियमानुसार राजीनाम्याची पूर्वसूचना कमांडरने १२ महिने आणि सहवैमानिकाने ६ महिने आधी द्यावयाची असते. कंपनीला विमाने बदलण्यासाठी असे बंधन नाही, हा वैमानिकांच्या बाजूचा आक्षेप रास्त दिसतो. प्रशिक्षणखर्चाचे बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचे करार, हा त्याच वादाचा दुसरा भाग.

नवोदितांना निवडीला फारसा वाव नसतो. इंदूर विमानतळावरच मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, तर एटीपीएल या वरच्या परवान्यासाठी १,५०० तासांचे. या दोन आकड्यांमधले तास कोणत्या प्रकारावर जमतील, हे बहुधा त्या वर्षी ज्या कंपनीच्या ताफ्यात जागा असेल त्यावरून ठरते.